आत्या, यात दूध आहे?

माझा भाचा साडेचार वर्षांचा. त्याला अजून वाचता येत नाही, पण बिस्किटाचा पुडा हातात आला की पठ्ठ्या आधी तो उलटा करतो. मागच्या बारीक अक्षरांवरून बोट फिरवतो आणि समोर जो कुणी मोठा माणूस असेल त्याच्यापुढे पुडा धरून विचारतो, "यात दूध आहे?" आपण 'हो' म्हटलं की पुडा मुकाट्याने परत. रडारड नाही, हट्ट नाही. एवढ्याशा पोराने हट्ट न करणं किती अंगावर येतं, ते त्याच्यासमोर बसल्यावरच कळतं.

त्याला दुधाची ॲलर्जी आहे. "अगं, मलाही आहे," असं आमच्या ऑफिसात दर तिसरा माणूस म्हणतो, म्हणून हा घोळ आधी निस्तरते. सकाळच्या कॅपुचिनोनंतर अकराच्या मीटिंगमध्ये पोटात ढोल-ताशे वाजतात ना, ते वेगळं प्रकरण. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं एन्झाइम वय वाढेल तसं कमी होत जातं. जगातल्या साधारण दोन-तृतीयांश माणसांचं असंच आहे, तेव्हा त्यात आपलं काही स्पेशल नाही. अशा मंडळींना दही बहुधा झेपतं, तूप तर झेपतंच. ॲलर्जीचा मामला निराळा. तिथे भांडण दुधातल्या प्रोटीनशी असतं आणि भांडायला उतरते ती शरीराची इम्यून सिस्टिम. चमचाभरही पुरतं. गाईचं नाही तर म्हशीचं, नाही तर बकरीचं देऊन बघू, हेही नाही चालत, कारण प्रोटीन जवळपास तीच. बरीच मुलं मोठी होता होता यातून सुटतात. आमचा हिरो अजून सुटलेला नाही.

आणि हे सगळं घडतंय वाशिमला. वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी, अजिंठ्याच्या लेण्यांशी ज्याचं नाव जोडलं जातं तो हरिषेण याच शाखेतला. नावाची कथा वत्स ऋषींशी जोडतात. पण वत्स म्हणजे वासरूसुद्धा! ज्या गावाच्या नावातच वासरू, तिथे माझ्या भाच्याने दुधाशी पंगा घेऊन जन्माला यावं, याला काय म्हणायचं?

आमच्या घरात माया मोजायचं माप म्हणजे तुपाची वाटी. आई दर आठवड्याला लोणी कढवते. त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशीच कळतं की आज आमच्याकडे काय चाललंय. मी ट्रॅव्हल्समधून उतरून घरी पोचले की चहाच्या आधी माझ्या गालांची तपासणी होते, "सुकली माय" हा निकाल लागतो, आणि दुपारच्या वरणावर तुपाचं तळं साचतं. अशा बाईला सांगायचं की नातवाला तूप नाही. दोन वर्षांपूर्वी तिने एका दुपारी त्याच्या वरणभातात अर्धा चमचा घातलंच. "तूप म्हणजे काई दूध होये का?" हे तिचं लॉजिक. ऐकायला बरोबरही वाटतं. पण घरच्या तुपात दुधाचं प्रोटीन थोडं का होईना राहतंच. पंधरा मिनिटांत त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वासाला घरघर लागली. दादा-वहिनी त्याला घेऊन दवाखान्यात धावले. तो वेळेत सावरला. संध्याकाळी घरी येऊन झोपलासुद्धा.

आई मात्र सावरली नाही. तिला कुणी बोललं नाही, वहिनी तर एका शब्दानेही नाही. पण त्या दिवसानंतर आईने त्याला स्वतःच्या हाताने घास दिलेला नाही. भरवणं याला आमच्याकडे चारणं म्हणतात. "मी नाई चारत त्याले, तूच चार," असं म्हणून ती ताट वहिनीकडे सरकवते आणि उगाचच ओटा पुसायला लागते. मी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर हे पाहिलंय. ओटा स्वच्छच असतो.

मागच्या जानेवारीत संक्रांतीला जोडून चार दिवस सुट्टी टाकली. त्याच्या आधी शेजारच्या एका मुलीच्या बर्थडेला भाचेबुवा आपला डबा घेऊन गेले होते. सगळी मुलं केक खात होती आणि हा चिवडा. फोनवर मला म्हणाला, "आत्या, तुझ्या ओव्हनमध्ये माझा केक होतो का?" बॉस, अशा प्रश्नाला 'बघू' म्हणता येत नाही.

खरं सांगायचं तर केक माझ्या हाताला लागत नाही. तो फुगला पाहिजे, मध्ये बसता कामा नये, फार नखरे. क्रम्बल त्यामानाने गुणी बाळ. खाली शिजवलेलं फळ, वर पीठ, साखर आणि चरबी बोटांनी चोळून केलेला भुगा, आणि भाजायचं. बास! ब्रिटनमध्ये 1940 च्या जानेवारीत लोण्यावर आणि साखरेवर रेशन लागलं. पायची पारी लाटायला जेवढं लोणी-पीठ लागतं तेवढं मिळेना, म्हणून वरून नुसता भुगा पसरायची पद्धत त्या काळात घरोघरी गेली, असं सांगतात. म्हणजे हे डेझर्टच मुळी टंचाईचं अपत्य. त्यातून लोणी काढलं तर त्याला राग यायचं कारण नाही.

आणि आपल्यालाही ते परकं नाही. दिवाळीच्या आधी पिठाचा, साखरेचा आणि डालड्याचा डबा घेऊन बेकरीच्या भट्टीवर नानकटाई भाजून आणायला तुम्ही लहानपणी गेला असाल, तर क्रम्बलचा भुगा तुम्ही पाहिलेला आहे. तो गोळे वळायच्या आधीचा. आपण मिटक्या मारत खाल्लेली ती नानकटाई बऱ्याचदा चक्क डेअरी-फ्री असायची. डालडा भारतात आला 1937 मध्ये, वनस्पती तेल घट्ट करून बनवलेला. त्याची तुपात भेसळ होणार हे सरकारला पक्कं माहीत होतं, म्हणून वनस्पती तुपात ठरावीक प्रमाणात तिळाचं तेल घालायची सक्ती केली. एका साध्या टेस्टमध्ये तिळाचं तेल गुलाबी रंग दाखवतं आणि भेसळ पकडली जाते. भारी आयडिया! पण ट्रान्स फॅटमुळे डालडा बदनाम झाला. जानेवारी 2022 पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आहे. तरी मला तो आणायचा नव्हता. बाजारचं मार्जरिनही नको होतं, कारण काही मार्जरिनमध्ये दुधाचे घन पदार्थ असतात. नाव 'बिनलोण्याचं' असलं तरी पाकीट उलटं करायचंच. हे मी भाच्याकडून शिकले.

आता फळ. पुण्यात जाम म्हणजे ट्रॅफिक, नाही तर ब्रेडवरचा. वाशिमला जाम म्हणजे पेरू. जानेवारीत हातगाड्यांवर ढीग लागलेले असतात, आणि शेजारच्या ढिगात संत्री. आंबिया बहाराची संत्री संपत आलेली, मृगाची यायला लागलेली, असा मधला मस्त काळ. सफरचंदाचा क्रम्बल तर काय, कुणीही करतं. मी अर्धा किलो पिकलेले जाम घेतले. सालं काढली, मधला बियांचा गर वेगळा केला, तो थोड्या पाण्यात मऊ शिजवून चाळणीवर घासला. बिया वर राहिल्या, खाली गुलाबीसर गोळा आला. ही स्टेप आळस करून टाळू नका, नाही तर डेझर्ट खाताना सगळे दातात काडी घालून बसतील. उरलेल्या फोडी, तो गोळा, दोन चमचे गूळ, चिमूटभर मीठ आणि सुंठ एकत्र करून दहा मिनिटं शिजवलं. पेरूत पेक्टिन भरपूर, त्यामुळे आपोआप आळतं, कॉर्नफ्लॉवर लागत नाही. गॅस बंद केल्यावर एका संत्र्याचा रस. रस आधी घालून उकळला तर कडवटपणा येतो, आणि वासही उडून जातो.

इथवर मी टीव्हीवरच्या शेफसारखी बोलत होते. मग भुगा आला.

पहिल्या दिवशी शेंगदाण्याचं तेल वापरलं. एक वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, अर्धी वाटी दाण्याचा जाडसर कूट, अर्धी वाटी चिरलेला गूळ. त्यात तेल ओतलं आणि हातात काय आलं, तर ओली वाळू. भुगा होईना, नुसता चिखल. तशीच पसरली आणि भाजली. गूळ वितळून तेलात मिसळला, आणि जी काही वस्तू तयार झाली तिला चिक्की म्हणणं हा चिक्कीचा अपमान. दादाने उलथन्याच्या टोकाने ठोकून बघितलं. म्हणाला, "रस्त्याच्या कामाले पाठव."

आई दारात उभी राहून बघत होती. आत येत नव्हती.

रात्री गादीवर पडल्या पडल्या ट्यूब पेटली. भुगा व्हायला चरबी घट्ट लागते. लोणी घट्ट असतं म्हणून पिठाचे कण त्याच्याभोवती गोळा होतात, आणि भाजताना ते हळू वितळून मागे खुसखुशीत पोकळी ठेवतं. पातळ तेल पिठात सरळ जिरून बसतं. मग दुधाचा थेंब नसलेली घट्ट चरबी कोणती? उत्तर बाथरूमच्या खिडकीत उभं होतं. खोबरेल तेल! साधारण 24 अंशांच्या खाली ते गोठतं, आणि वाशिमच्या जानेवारीत तर बाटलीत दगड होऊन बसतं. आंघोळीच्या आधी आपण ती गरम पाण्यात धरतो ना, तेच.

सकाळी दुकानातून शुद्ध खोबरेल तेल आणलं, खाण्याचं, परवाना क्रमांकासकट. ते ओट्यावर ठेवलं आणि आईचा संयम संपला. "केसाले लावाचं तेल चारशीन त्याले?"

आता हा वाद आमच्या ओट्यापुरता नाही बरं का. छोट्या बाटलीतलं खोबरेल तेल खाण्याचं की केसांचं, यावर टॅक्स खातं आणि कंपन्या वर्षानुवर्षं कोर्टात भांडत होत्या. शेवटी डिसेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, केसांचं तेल म्हणून लेबल लावून विकत नसतील तर ते खाद्यतेलच. मी आईला हे ऐकवलं. सुप्रीम कोर्टाचा आमच्या आईवर काही परिणाम झाला नाही. पण तिने बाटली हातात घेतली, चष्मा लावला आणि मागचं बारीक अक्षर वाचायला लागली. मग कणकेचं पाकीट वाचलं. मग सुंठेची पुडी. दाण्याचा कूट तर तिनेच केलेला होता, तरी डबा उघडून वास घेतला. प्रत्येक वस्तूवर एकच प्रश्न, "यात दूध नाई ना?"

यातली एकही गोष्ट त्याच्यासाठी नवी नव्हती हे मी तिला सांगितलं. दाणे, नारळ, गहू, ज्वारी, सगळं तो आधीपासून खातो. (तुमच्या घरात असं कुणी असेल तर हे आधी तपासा. काही मुलांना दाण्याचीही ॲलर्जी असते, आणि तो प्रयोग क्रम्बलवर करू नये.) तिने मान हलवली आणि एक वेगळीच गोष्ट काढली. "थाळी कोणती घेतली?"

मी काल जी भाजायची थाळी वापरली होती, ती दिवाळीला तुपाचा हात लावून वापरलेली होती. मला सुचलंही नव्हतं. नशीब, ती चिक्की कुणाच्याच पोटात गेली नाही. आईने ती थाळी बाजूला ठेवली, माळ्यावरून एक कोरं स्टीलचं भांडं काढायला लावलं, घासलं, उकळत्या पाण्यातून काढलं आणि पुन्हा घासलं. चमचे तसेच. परात तशीच. मग म्हणाली, "सरक."

मोहन चोळायला हात लागतो, तो माझा नाहीच. तळवा लागू द्यायचा नाही, नुसती बोटांची टोकं, खालून उचलून वरून सोडायचं. गोठलेलं खोबरेल तेल तिने चमच्याने खरवडून घातलं, अर्ध्या वाटीला थोडं कमी. गूळ या वेळी बारीक किसलेला आणि कालच्या निम्मा. पाच मिनिटांत परातीत वाटाण्याएवढ्या गोळ्यांचा भुगा तयार. शंकरपाळ्याचं पीठ हजार वेळा चोळलेल्या बाईला क्रम्बल शिकवायला मी पुण्याहून गेले होते. असो. भुगा फळावर नुसता पसरायचा, दाबायचा नाही.

आमच्याकडे तो जुना गोल ओव्हन आहे, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काच असलेला. तुमच्याही माळ्यावर असेल. त्याला थर्मोस्टॅट वगैरे लाड नाहीत, प्लग लावला की तापतो आणि काढला की थांबतो. वीस मिनिटं झाली आणि लाइन गेली. (लाइट गेली, असं पुण्यात म्हणतात.) मग मोठ्या कढईत बोटभर मीठ तापवून त्यात जाळी ठेवली, जाळीवर भांडं, वर झाकण, आणि मंद गॅसवर आणखी पंचवीस मिनिटं. वरचा रंग ओव्हनसारखा गडद येत नाही, पण कडेने रस बुडबुडत वर आला की समजायचं, झालं. घरात वास सुटला, भाजलेल्या ज्वारीचा आणि संत्र्याचा. खोबऱ्याचा थोडासा.

भाजेपर्यंत मी कस्टर्डच्या मागे लागले. त्यासाठी दूध लागतंच ना, तर ते सोयाबीनचं केलं. पावसाळ्यात वाशिम जिल्ह्यात नजर जाईल तिकडे सोयाबीन. नव्या पिढीला वाटेल, इथले लोक सोयाबीनच खातात. छे! ते मार्केटात नेऊन विकायचं, त्याचं तेल निघतं, पेंड निघते. घरी खातं कोण? घरचंच वाटीभर रात्री भिजवलं होतं. सालं चोळून काढली, उकळत्या पाण्यात टाकूनच मिक्सरला फिरवलं. गार पाण्यात वाटलं तर तो कच्चा, शेंगांसारखा वास येतो आणि मग कुणी तोंडही लावत नाही. फडक्यातून गाळलं आणि दहा-पंधरा मिनिटं चांगलं उकळलं. (दुधाची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना सोयाबीनही चालत नाही. त्याला चालतं, हे डॉक्टरांनी बघितलंय.) त्यात साखर आणि कस्टर्ड पावडर. पावडर म्हणजे मुख्यतः रंग-वास घातलेलं कॉर्नफ्लॉवर. तरी पाकीट उलटं केलंच.

या कस्टर्ड पावडरची गोष्ट मला फार आवडते. 1837 मध्ये इंग्लंडातल्या बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टने ती शोधली. का? तर त्याच्या बायकोला अंडं चालत नव्हतं, आणि खरं कस्टर्ड अंड्याशिवाय होत नाही. बिझनेस प्लॅन वगैरे काही नव्हता. बायकोला कस्टर्ड खाता यावं, एवढंच. भाच्याला मी ही गोष्ट सांगितली. त्याने विचारलं, "मग त्या बाईने सगळं संपवलं का?"

एक प्रामाणिक कबुली. हे डेझर्ट 'हेल्दी' वगैरे नाही. खोबरेल तेलातही सॅच्युरेटेड फॅट भरपूर असतं, लोण्यापेक्षा जास्तच, आणि गूळ म्हणजे शेवटी साखरेचा भाऊ. डाएटवाल्यांनी उगाच खूश होऊ नये.

संध्याकाळी सगळे जमिनीवर बसलो. सहा वाट्या, सहाही सारख्या, एकाच भांड्यातून वाढलेल्या. त्याने आपली वाटी उचलली, नेहमीप्रमाणे खालून बघितली, खाली काही लिहिलेलं नव्हतं. मग माझ्याकडे न बघता आजीकडे बघितलं. "आजी, यात दूध आहे?"

"नाई," आई म्हणाली. "म्या सोता केलं."

तरी चमचा काही तिने उचलला नाही. वहिनीही गप्प होत्या, त्यांनी आपला हात मुद्दाम मांडीखाली घातला होता, ते मी पाहिलं. एक-दोन मिनिटं नुसती वाट बघण्यात गेली. शेवटी त्यानेच आजीच्या मांडीवर जाऊन तोंड उघडलं. आईने भुग्याचा एक एवढासा तुकडा, जेमतेम दाण्याएवढा, त्याच्या जिभेवर ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग पुन्हा त्याच्या ओठांकडे. पंधरा मिनिटं तिने त्याला दुसरा घास दिला नाही. तो ओरडत होता, चक्क हट्ट करत होता, पाय आपटत होता, आणि आम्ही कुणी त्याला गप्प बस म्हटलं नाही.

साडेसात वाजता दुसरा घास. मग तिसरा. आमचं खाऊन झालं होतं, भांड्याच्या कडेला चिकटलेलं खरवडायचं काम दादा करत होता. त्याच्या कालच्या कॉमेंटची आठवण मी करून दिली, त्याने ऐकलं नाही.

पुण्याला निघायच्या दिवशी आईने पिशवी भरून जाम दिले, आणि विचारलं, "ते तेल किती उरलं?" मी म्हटलं, पाऊण बाटली आहे, केसांना लाव. तिने बाटली तुपाच्या बरणीपासून लांब, वरच्या फळीवर एकटी ठेवली.

"केसाले कायले," ती म्हणाली. "पुढच्या आयतवारी लागन मले."